कोणती मार्शल आर्ट शिकायची आणि कुठे: आधी नियम वाचा, मग मॅटच्या कडेला जाऊन बसा

कराटे की तायक्वांदो, ज्युदो की जिउ-जित्सू, बॉक्सिंग की मुआय थाई? शिकायला निघालेला माणूस या प्रश्नात आठवडेच्या आठवडे अडकतो. व्हिडिओ पाहतो, त्यांखालचे वाद वाचतो आणि शेवटी जाता-येता ज्या क्लासची पाटी दिसते तिथे नाव घालतो. मला वाटतं, ही तुलना चुकीच्या ठिकाणाहून सुरू होते. शैलीचं नाव बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी तपासा. त्या शैलीच्या स्पर्धेचे नियम कशाला गुण देतात? आणि तुम्हाला नियमित जाता येईल अशा क्लासमध्ये, खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदारासमोर किती वेळ सराव होतो? पहिल्याचं उत्तर घरबसल्या मिळतं. दुसऱ्यासाठी मॅटच्या कडेला जाऊन बसावं लागतं.

‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न एकदा उघडपणे लावून पाहिला गेला आहे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये यूएफसी या वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभं करणाऱ्या मालिकेची पहिली स्पर्धा झाली. वेगवेगळ्या शैलींचे आठ जण होते आणि वजनगट नव्हते. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत आपल्याहून वजनदार तिघांना हरवलं. त्यातला बॉक्सर आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. ग्रेसी छातीवर बसल्यावर तिथून सुटायचं कसं हेच ठाऊक नसल्याने त्याने हार मानली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, उत्तर मिळालं. पण १९९६ मध्ये मार्क कोलमन हा आधी ऑलिंपिक खेळून आलेला पैलवान यूएफसीत उतरला. तो समोरच्याला खाली पाडून वरून ठोसे लगावत असे, आणि त्यापुढे कुणाचं काही चालेना. पुढच्याच वर्षी मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरने खाली दबूनही टिकून कसं राहायचं हे शिकून घेतलं, कोलमनला दमवलं आणि पंचांच्या निर्णयावर त्याला हरवलं. चार वर्षांत तीन उत्तरं मिळाली. जिंकणारा प्रत्येक जण समोरच्याला जे येत नव्हतं तिथे त्याला खेचून नेत होता.

म्हणून निवड करताना विचार असा हवा: ही शैली मला काय शिकवेल, काय शिकवणार नाही, आणि त्यातलं कोणतं न शिकलेलं मला चालेल?

पायरी १: हेतू लिहा आणि डोक्यावरच्या माराचा निर्णय घ्या

हेतू एका वाक्यात कागदावर लिहा. ‘तंदुरुस्ती’ हा शब्द पुरेसा नाही, कारण धावूनही ती मिळते. ‘दोन वर्षांत स्पर्धेत उतरायचं आहे’, ‘कुणी हात धरला किंवा ढकललं तर गोठून जायचं नाही’, ‘पन्नाशीत पडलो तर हाड मोडू नये’, ‘काता (कराटेतल्या हालचालींचा एकट्याने करायचा ठरलेला क्रम) सुंदर करता यायला हवा’ ही वाक्यं कामाची आहेत, कारण त्यातलं प्रत्येक तुम्हाला वेगळ्या दाराशी नेतं. पडण्याची भीती घालवायची असेल तर ज्युदोइतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही. काता सुंदर व्हावा असं वाटत असेल तर बॉक्सिंगच्या क्लासमध्ये काही मिळणार नाही.

त्यानंतरचा निर्णय बहुतेक जण घेतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे: डोक्यावर मार घेण्याची तुमची तयारी आहे का? बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, मुआय थाई यांत मनापासून शिकायचं तर कधी ना कधी स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करावंच लागतं, आणि स्पारिंगमध्ये डोक्याला धक्के बसतात. हेडगार्ड घातलं की मेंदू सुरक्षित राहतो हा समज सोडून द्या. हेडगार्डने भुवई फुटणं आणि चेहऱ्यावरच्या जखमा कमी होतात, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा थांबत नाही. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये २०१३ पासून पुरुषांचं हेडगार्ड काढूनच टाकलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले.

याचा अर्थ बॉक्सिंग वाईट असा मुळीच नाही. पॅडवर आणि बॅगवर ठोसे मारणं, पायांची चाल, दोरीवरच्या उड्या, अगदी हलकं तांत्रिक स्पारिंग, एवढ्यावरही अनेक जण वर्षानुवर्षं आनंदाने बॉक्सिंग करतात. फक्त तुम्ही कुठवर जाणार हे आत शिरण्याआधी ठरलेलं असू द्या, म्हणजे रिंगच्या कडेला उभं असताना भिडेपोटी होकार द्यावा लागणार नाही.

डोकं वाचवायचं असेल तर कुस्ती, ज्युदो, जिउ-जित्सू, सांबो (रशियातला कुस्तीसारखा खेळ; त्याचा ठोसे असलेला ‘कॉम्बॅट’ प्रकार सोडून) हे पकडीचे प्रकार आहेत. तिथे ठोसे नाहीत, पण गुडघे, खांदे, मान, बोटं यांवर ताण येतो. जुनी गुडघ्याची किंवा मणक्याची दुखापत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पकडीच्या खेळांत त्वचेचे संसर्गही होतात, विशेषतः गजकर्ण. आणि कान सतत घासले गेले की आत रक्त साकळून ते कायमचे आक्रसतात. पैलवानांचे मोडलेले कान याच कारणाने तसे दिसतात. कान जपायचे असतील तर पहिल्या दिवसापासून इअरगार्ड वापरा.

पायरी २: नियम वाचा, शैली आपोआप कळेल

कोणतीही शैली हळूहळू तिच्या नियमांसारखी होत जाते. ज्याला गुण मिळतात ते घोटलं जातं, ज्याला मिळत नाहीत ते सुटतं. शैलींचा इतिहास वाचायला वेळ नसेल तर निदान गुणतक्ता वाचा. त्यातून जेवढं कळतं तेवढं जाहिरातीतून कधीच कळत नाही.

सर्वांत बोलकं उदाहरण टोकियो ऑलिंपिकमधलं. ७ ऑगस्ट २०२१ रोजी कराटेच्या ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याने डोक्यावर किक मारली आणि इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. सुवर्णपदक गंजजादेला मिळालं. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांनुसार किक नियंत्रित हवी, जास्त जोराने लागली तर मारणारा बाद होतो. अनेकांना हा निकाल विचित्र वाटला, पण नियम आधीपासून तसाच होता. या कराटेत घोटलं जातं ते अंतर: क्षणात आत शिरायचं, नेमकं टिपायचं आणि समोरच्याने उत्तर देण्याआधी बाहेर पडायचं. ठोशाला १ गुण, धडावरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३. वेग आणि नेमकेपणा हवा असेल तर हे उत्तम शिक्षण आहे. दणकट मार घेऊन उभं राहायची सवय मात्र यातून होत नाही.

आता त्याच कराटेचं दुसरं घराणं पाहा. मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिनमध्ये लढत पूर्ण संपर्काची असते. धडावर कितीही जोराने मारा, मांडीवर किक मारा, डोक्यावरही किक चालते, पण डोक्यावर हाताने मारता येत नाही. परिणाम लगेच दिसतो. लढणारे छातीला छाती भिडवून उभे राहतात आणि हात खाली ठेवून बरगड्यांवर घाव घालत राहतात. सोसण्याची ताकद विलक्षण होते, चेहरा राखायची सवय मात्र लागत नाही. दोन्ही ठिकाणी पाटीवर ‘कराटे’च लिहिलेलं असतं. म्हणून चौकशी करताना ‘कराटे शिकवता का’ असं न विचारता ‘कोणतं घराणं, कोणत्या नियमांची लढत’ असं विचारा. शोतोकान, गोजु-र्यु, शितो-र्यु, वादो-र्यु ही नावं कानावर येतील. त्यांच्यातले काता आणि पवित्रे वेगळे आहेत, पण नवशिक्यासाठी त्या फरकापेक्षा लढतीचे नियम जास्त महत्त्वाचे.

तायक्वांदोतही असंच. वर्ल्ड तायक्वांदोच्या, म्हणजे ऑलिंपिकच्या पद्धतीत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही. पॅरिस २०२४ च्या स्पर्धेत धडावरच्या ठोशाला १ गुण होता, धडावरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३, आणि गिरकी घेऊन मारलेल्या किकला धडावर ४ तर डोक्यावर ५. मग खेळाडू हात खाली सोडून पुढचा पाय हवेत का नाचवतात ते लगेच उमगतं. जनरल चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये स्थापन केलेल्या आयटीएफ या दुसऱ्या तायक्वांदो संघटनेच्या परंपरेत मात्र डोक्यावर ठोसा चालतो आणि त्यांचे फॉर्मही (कातासारखे क्रम) निराळे आहेत. लवचीकपणा आणि पायांवरचं नियंत्रण दोन्हीकडे मिळतं, हातांची सवय मात्र आयटीएफकडे अधिक.

बॉक्सिंग १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनंतर आजच्या रूपात आलं: ग्लोव्ह्ज, तीन मिनिटांच्या फेऱ्या, पकडीला मनाई. शस्त्रं फक्त दोन, म्हणूनच त्या दोन हातांची, डोक्याच्या हालचालीची आणि पायांच्या चालीची जेवढी बारकाई इथे आहे तेवढी कुठेच नाही. दोघे एकमेकांना बिलगले की बॉक्सिंगचा पंच त्यांना सोडवतो. मुआय थाईत तिथूनच खरी लढत सुरू होते: मान धरायची, तोल बिघडवायचा, गुडघा मारायचा. कोपरंही चालतात. एका खेळात जी विश्रांतीची जागा तीच दुसऱ्यात सर्वांत धोक्याची.

पकडीच्या खेळांतली तुलना तर याहून रंजक आहे. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला, चीतपट. म्हणून पैलवानाच्या अंगात एक गोष्ट हाडामासी मुरते: पाठ जमिनीला लागू द्यायची नाही. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरता येतात, ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही, म्हणून तिथे उचलून फेकण्याला जोर. जिउ-जित्सूत याच्या नेमकं उलट, पाठीवर पडल्यावर खेळ रंगात येतो. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत समोरच्याला पाडण्याला २ गुण, त्याच्या पायांचा अडसर ओलांडून बाजूला येण्याला ३, छातीवर बसण्याला ४, पाठीवर स्वार होण्याला ४, आणि गळा आवळून किंवा सांधा पिरगाळून हार मानायला लावली तर गुण कितीही असोत, लढत तिथेच संपते. पाडण्याला फक्त २ गुण, म्हणून बऱ्याच क्लासेसमध्ये उभ्याने पाडणं कमी घोटलं जातं. ज्युदोत एक स्वच्छ फेक, पाठीवर, जोराने आणि ताबा ठेवून, म्हणजे इप्पॉन आणि पूर्ण विजय. जमिनीवर काही घडत नसेल तर पंच पटकन उभं करतो. हाताने पाय धरून पाडण्यावर २०१० पासून बंधनं आली आणि २०१३ मध्ये पूर्ण बंदी, म्हणून आजचा ज्युदोपटू ताठ उभा राहतो. पैलवान मात्र वाकून, हात खाली ठेवून उतरतो.

ज्युदो आणि जिउ-जित्सू एकाच मुळाचे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तिथे तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि त्यांची विद्या ग्रेसी कुटुंबाकडे गेली. १९५१ मध्ये ज्युदोचा मासाहिको किमुरा आणि एलियो ग्रेसी ब्राझीलमध्ये भिडले. किमुराने ज्या डावाने खांदा पिरगाळून ती लढत जिंकली, त्याला जिउ-जित्सूवाले आजही किमुरा म्हणतात. हरवणाऱ्याचं नाव डावाला देणारी ही परंपरा मला फार आवडते.

पायरी ३: सरावाची पद्धत तपासा

कानोंनी जुन्या जपानी जुजुत्सूतले (ज्युदोच्या मूळ विद्येतले) घातक डाव मोकळ्या सरावातून बाहेर ठेवले. वरकरणी विद्या सौम्य झाली, पण उरलेले डाव पूर्ण ताकदीने, खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज करून पाहता येऊ लागले. त्या मोकळ्या सरावाला रांदोरी म्हणतात. ज्या डावाचा असा सराव होतो तो दबावाखाली आठवतो. ‘आमचे डाव इतके घातक आहेत की त्यांचा सराव करता येत नाही’ असं कुणी सांगितलं, तर ते डाव त्या क्लासमधल्या कुणालाच जमत नसणार हे धरून चाला.

या कसोटीवर काही शैली अडचणीत येतात. मोरिहेई उएशिबा यांच्या ऐकिदोत बहुतेक ठिकाणी जोडीदार ठरवून दिलेला हल्ला करतो आणि ठरल्याप्रमाणे पडतो. केंजी तोमिकी यांच्या शाखेत मात्र स्पर्धा आहे. पडण्याचं शिक्षण, तोलाची जाण आणि शांतपणे हालचाल करणं ऐकिदोत सुंदर शिकवतात. स्वसंरक्षणाची खात्री म्हणून ते घेऊ नये. विंग चुन या चिनी शैलीत हाताला हात लावून करायचा ची साओ हा सराव संवेदना वाढवतो, पण क्लासमध्ये मोकळी लढतही होते का हे विचारा. क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीची पायाभरणी इमी लिख्टेनफेल्ड यांनी केली. आज त्या नावाखाली अनेक स्वतंत्र संघटना आहेत आणि प्रशिक्षकांच्या तयारीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही प्रशिक्षक वर्षानुवर्षं घडलेले असतात, काही मोजक्या दिवसांचं शिबिर करून आलेले. तिथे शैलीपेक्षा प्रशिक्षकाची आधीची पार्श्वभूमी विचारणं अधिक गरजेचं.

काताला मी निरर्थक म्हणणार नाही. शरीराची ठेवण, श्वास, एकट्याने करता येणारा सराव, म्हातारपणापर्यंत टिकणारी शिस्त यासाठी काता मोलाचा आहे. त्याच्याच भरवशावर लढता येईल असं मात्र मानू नये.

स्वसंरक्षण हा हेतू असेल तर एक स्पष्ट सांगायला हवं. चाकू हिसकावून घेण्याचे डाव ज्या वर्गात एका तासात आत्मविश्वासाने शिकवले जातात, तो वर्ग धोकादायक आहे. जोडीदाराला रबरी चाकू द्या, त्याचं टोक खडूने माखा आणि त्याला मनाप्रमाणे वार करू द्या. अंगावर किती खुणा उमटतात ते पाहून चांगला प्रशिक्षक स्वतःच सांगतो की पळता येत असेल तर पळा.

पायरी ४: आवाक्यातल्या जागांची यादी करा

आता नकाशा उघडा. शैली आधी पक्की करून मग जागा शोधू नका, आवाक्यातल्या सगळ्या जागांची यादी करून त्यातून शैली निवडा. दूरचा उत्कृष्ट क्लास पहिल्या पावसाळ्यात किंवा पहिल्या कामाच्या गडबडीत सुटतो. आठवड्यातून दोन-तीनदा, थकलेल्या दिवशीही जाता येईल एवढंच अंतर धरा.

शोधताना एकच शब्द टाकून थांबू नका. जिउ-जित्सू, जुजुत्सू, बीजेजे (ब्राझिलियन जिउ-जित्सू), ग्रॅपलिंग (पकडीचे खेळ), एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स), रेसलिंग, आखाडा, डोजो (जपानी पद्धतीची तालीम) असे निरनिराळे शब्द टाकून पाहा. चांगले प्रशिक्षक अनेकदा जाहिरात करत नाहीत. ते विद्यापीठाच्या क्रीडाविभागात, सार्वजनिक क्रीडासंकुलात किंवा एखाद्या व्यायामशाळेच्या मागच्या हॉलमध्ये शिकवत असतात. ज्युदो, कुस्ती, कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग यांच्या राष्ट्रीय संघटनांकडे संलग्न क्लबांची यादी मागता येते.

माझी सर्वांत आवडती युक्ती वेगळी आहे. जवळपास झालेल्या छोट्या स्पर्धांचे निकाल शोधा. पदकं कुणी जिंकली ते सोडून द्या, कोणत्या क्लबांची नावं वर्षानुवर्षं परत परत येतात ते पाहा. जो क्लब आपल्या विद्यार्थ्यांना नियमितपणे अनोळखी लोकांसमोर उतरवतो, तिथे सराव खोटा असण्याची शक्यता कमी.

मग तीन किंवा चार जागा निवडून संपर्क करा. फोनवर थोडकंच विचारा: प्रौढ नवशिक्यांसाठी वेगळा वर्ग आहे का, एक दिवस बसून पाहता येईल का, पहिला वर्ग करून पाहता येईल का. पाहायला येऊ देत नाहीत असं उत्तर मिळालं तर ती जागा यादीतून काढा.

पायरी ५: जाऊन बसा आणि पाहा

इथे घाई करू नका. पूर्ण वर्ग पाहा, आणि खेळापेक्षा माणसांकडे लक्ष द्या.

घड्याळ लावून मोजा: एकूण वेळेतला किती वेळ व्यायामात जातो, किती डाव दाखवण्यात आणि किती विरोध करणाऱ्या जोडीदारासमोर. सगळा विरोध पूर्ण ताकदीचा असायला हवा असं नाही. ‘तू फक्त निसटायचा प्रयत्न कर, तो तुला धरून ठेवेल’ असे मर्यादित खेळही मोकळ्या सरावातच धरा. पूर्ण वर्गात असा एकही क्षण नसेल, तर तिथे तुम्ही नृत्यासारखी हालचाल शिकाल, लढत शिकणार नाही. दुसरं टोकही तेवढंच वाईट. पहिल्याच आठवड्यात आलेल्याला जोरदार स्पारिंगला उभं करून सगळे मजा पाहत असतील तर लगेच निघा.

सर्वांत नवखा कोण आहे ते ओळखा आणि त्याच्यावर नजर ठेवा. त्याला जोडीदार कोण मिळतो? वरिष्ठ त्याच्याशी खेळताना ताकद कमी करतात का? त्याने हाताने थोपटून हार मानली की पकड त्या क्षणी सुटते का, की आणखी अर्धा सेकंद आवळली जाते? त्या अर्ध्या सेकंदात त्या क्लासचा सगळा स्वभाव दिसतो. सांधे पिरगाळणाऱ्या खेळांत टाच पिरगाळण्याचे डाव नवख्यांना लावू दिले जात असतील तर तोही धोक्याचा इशारा, कारण त्यात दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

फेकण्याच्या खेळांत पडायला किती शिकवतात ते पाहा. जपानच्या शाळांत १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्युदो करताना १०० हून अधिक मुलांचा जीव गेला. त्यात मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा, आणि बळी पडलेल्यांत नवशिके अनेक. ज्या देशात हा खेळ जन्मला तिथे हे झालं, म्हणून पडण्याचा सराव कंटाळवाणा वाटला तरी तो टाळणारा क्लास निवडू नका. डोक्याला मार लागला आणि माणूस क्षणभर गोंधळला, तर प्रशिक्षक काय करतो? त्याच दिवशी त्याला परत मॅटवर येऊ देता कामा नये, आणि संपर्काच्या सरावाला परतण्याआधी डॉक्टरांची परवानगी हवी. ‘पाणी पी, चल पुढे’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडे जगज्जेतेपद असलं तरी तिथे जाऊ नका.

मॅट रोज पुसल्या जातात का, अनवाणी पायांनी स्वच्छतागृहात जाऊन कुणी तसंच परत मॅटवर येतं का, हेही पाहा. महिला किती आहेत आणि त्या टिकून आहेत का? सगळ्याच नव्या असतील तर त्याचं कारण शोधा. महिलांनी तर शक्य असेल तिथे तिथल्या जुन्या विद्यार्थिनीशी एकटीने बोलावं: जोडीदार नाकारता येतो का, तक्रार केली तर कोण ऐकतं?

आणि प्रश्न विचारले जातात का? प्रशिक्षकाला ‘पण त्याने असं केलं तर?’ असं विचारल्यावर तो करून दाखवतो, की ज्येष्ठतेचा आधार घेतो? न स्पर्श करता माणूस पाडण्याचे दावे, दुसरीकडे शिकायला जाण्यास बंदी, गुरूंच्या पराक्रमाच्या न संपणाऱ्या कथा, यातलं काही दिसलं तर माझ्या लेखी तपासणी तिथेच संपते.

पायरी ६: एक वर्ग करून पाहा

नखं कापा, अंगठी-साखळी घरी ठेवा, जुन्या दुखापती प्रशिक्षकाला आधीच सांगा. पोशाख लगेच विकत घेऊ नका, साध्या टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर पहिला वर्ग होतो. माउथगार्ड मात्र स्वतःचा हवा. पकडीच्या वर्गात लवकर हार माना. हार मानायला उशीर करणारे नवशिके दुखापत घेऊन घरी बसतात. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणार हे ठरलेलंच. सांधा दुखतोय का, डोकं जड आहे का, हे वेगळं पाहा.

निदान दोन वेगळ्या प्रकारच्या जागा करून पाहा, एक माराची आणि एक पकडीची. आपल्याला काय आवडेल याचा अंदाज बहुधा चुकतो. जवळून अंगाशी भिडणं नको असं वाटणारे लोक जिउ-जित्सूत रमलेले आणि ठोशांची हौस असलेले पहिल्याच ठोशानंतर विरजलेले, दोन्ही पाहायला मिळतात.

पायरी ७: पट्टा, प्रमाणपत्र आणि करार

रंगीत पट्ट्याची पायरी शैलीनुसार बदलते, त्यामुळे दोन शैलींचे ब्लॅक बेल्ट एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. जिउ-जित्सूत आयबीजेजेएफच्या सर्वसाधारण नियमांनुसार प्रौढाला निळ्या पट्ट्यावरच किमान २ वर्षं काढावी लागतात आणि ब्लॅक बेल्टसाठी वय किमान १९ लागतं. तिथवर पोहोचायला सहसा दशकभर लागतं. तायक्वांदोत पहिल्या दानापर्यंतचा (ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीपर्यंतचा) प्रवास बराच कमी वर्षांचा असतो. यात कुणी कुणाला फसवत नाही, पट्ट्याचा अर्थच वेगळा आहे. मात्र ‘अमुक महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी’ ही कोणत्याही शैलीत वाईट खूण. ऑलिंपिक पद्धतीच्या तायक्वांदोचा दान कुक्कीवॉन या दक्षिण कोरियातल्या मुख्य संस्थेकडे नोंदलेला असतो, तेव्हा प्रशिक्षकाचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. जिउ-जित्सूत ब्लॅक बेल्ट कुणाकडून मिळाला हे विचारणं अपमान समजलं जात नाही, लोक अभिमानाने सांगतात.

प्रमाणपत्रं भिंतीवर किती आहेत यापेक्षा विद्यार्थी कसे हलतात ते पाहा. पैशांबाबत एकच आग्रह: पहिल्यांदा महिन्याच्या हिशेबाने भरा, वर्षभराचा करार करू नका. पट्ट्याच्या परीक्षेची, गणवेशाची, संघटनेच्या सदस्यत्वाची फी वेगळी असते का, हे लेखी घ्या. आजारपणात सदस्यत्व थांबवता येतं का, तेही विचारा.

मुलांसाठी निवडताना

मुलांच्या वर्गात मी लढतीच्या मिनिटांपेक्षा हसण्याचा आवाज आधी ऐकेन. खेळातून पडणं, लोळणं, ओढणं, सुटणं शिकवणारा वर्ग चांगला. लहान वयात डोक्यावर जोराचा मार असलेलं स्पारिंग नको, आणि स्पर्धेसाठी मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवायला सांगणारा प्रशिक्षक तर मुळीच नको. पालकांना वर्ग पाहू देत नसतील तर मुलाला तिथे पाठवू नका, कारण कोणतंही सांगितलं तरी. मुलांचे पट्टे झटपट बदलतात म्हणून नाराज होऊ नका. कुक्कीवॉनच्या पद्धतीत तर १५ वर्षांखालच्यांना दानऐवजी पूम मिळतो आणि त्यांचा पट्टा लाल-काळा असतो, म्हणजे तिथे मुलाची आणि प्रौढाची पायरी उघडपणे वेगळी ठेवली आहे.

पहिले तीन महिने आणि त्यानंतर

निवड झाली की तीन महिने शैलींचे वाद पाहणं थांबवा. या काळात फक्त एवढं साधा: आठवड्यातले दोन वर्ग चुकवायचे नाहीत, प्रत्येक वर्गानंतर एक ओळ लिहायची की कुठे अडकलो. पहिले काही आठवडे सगळेच तुम्हाला हरवतील, ते तसंच असतं. तीन महिन्यांनी वही उघडा. त्याच जागी अडकत असाल आणि प्रशिक्षकाने त्यावर काही सांगितलं नसेल, तर जागा बदलण्याचा विचार करा. अडकण्याच्या जागा बदलत असतील तर तुम्ही शिकता आहात.

दुसरी शैली जोडायची घाई वर्षभर तरी करू नका, आणि जोडताना पहिलीची नक्कल घेऊ नका. कराटेला ज्युदो जोडा, बॉक्सिंगला कुस्ती, जिउ-जित्सूला ज्युदो किंवा बॉक्सिंग. कराटेला तायक्वांदो जोडलं तर गुणतक्ता बदलतो, पण समोरच्याने कॉलर धरली की दोन्हीकडे तुम्ही तितकेच अडता. दुसऱ्या क्लासमध्ये जाताना पहिल्या प्रशिक्षकाला स्वतः सांगून जा, आणि तिथे पहिल्या दिवशी पांढरा पट्टाच बांधा.